मुलगी मेंदूवर पीएचडी करायचं म्हणते

नारायण पेठेत कुणाचं मूल काय शिकतंय हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना माहीत असतं. त्यामुळे ‘आमची न्यूरोसायन्सला जायचं म्हणते’ असं एकदा तोंडातून निघालं, की मुंजाबाच्या बोळापासून लक्ष्मी रोडपर्यंत पोचेपर्यंत ती न्यूरोसर्जन झालेली असते. मग आई-बाबा खुलासे करत बसतात. तेव्हा पालकहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो: ती पेशंट तपासणार नाही, ऑपरेशन करणार नाही, दवाखाना टाकणार नाही. पीएचडी झाल्यावर नावाआधी ‘डॉ.’ लागेल, पण सोसायटीत कुणाचं डोकं दुखलं तर गोळी लिहून देता येणार नाही. हे एकदा पचलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. पेठेतलेच आणि आसपासचे पालक अधूनमधून विचारायला येतात. प्रश्न ठरलेले. किती वर्षं लागतील? किती खर्च? पुढे नोकरी कुठली? आणि चहाचा कप खाली ठेवताना, जरा आवाज उतरवून, ‘लग्नाचं काय?’ यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. फक्त जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, तो बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. तो म्हणजे, या शिक्षणाचे पैसे कोण देणार, आणि मुलीला शिकवणारा माणूस नेमका कोण?

त्याआधी एक जुनी गोष्ट. आपल्या पेठेशी तिचा संबंध आहे म्हणून.

लक्ष्मी रोडवरच्या हुजूरपागेत बोर्डिंगमध्ये राहून शिकलेली एक मुलगी पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवीधर झाली, मुंबईला घुर्ये सरांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. झाली, आणि 1928 साली संशोधनासाठी बर्लिनला निघाली. इरावती कर्वे. सासर केवढं, तर महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. ज्यांनी 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांचाच सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध होता. नवरा दिनकर मात्र ठाम पाठीशी उभा राहिला. पैशांची सोय काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठात ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी माणसाच्या कवटीच्या असमानतेवर काम केलं. फिशरचा तर्क असा, की गोऱ्यांच्या कवटीचा पुढचा भाग एका बाजूला जास्त वाढलेला असतो आणि त्यांची बुद्धी त्यामुळे श्रेष्ठ ठरते. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की तसं काही दिसत नाही. ज्या माणसाच्या हाती पदवी आहे त्याच्याच तर्काविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत. 1930 साली डॉक्टरेट मिळाली. फिशरने गुण हात आखडूनच दिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

ही गोष्ट सांगण्यामागे माझे दोन हेतू आहेत. एक म्हणजे, मुलीला लांब पाठवताना पोटात गोळा येत असेल तर लाजू नका; तो महर्षींनाही आला होता. दुसरा हेतू जास्त महत्त्वाचा. पीएचडीत विद्यापीठाच्या नावाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, मार्गदर्शक कोण यावर सगळं ठरतं. तुमच्या मुलीची पाच-सहा वर्षं एका माणसाच्या प्रयोगशाळेत जाणार आहेत. मुलगी ज्या घरात द्यायची त्याची आपण चार ठिकाणी चौकशी करतो. इथे मात्र ‘रँकिंग कितवं?’ एवढं विचारून गप्प बसतो.

आता ती तिथे दिवसभर करणार काय, ते थोडं जवळून बघू. मेंदूत 8,600 कोटींच्या आसपास चेतापेशी असतात. त्यातल्या एका पेशीचं बोलणं ऐकायची एक पद्धत आहे, पॅच-क्लॅम्प. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन या दोघांनी 1970 च्या दशकात ती बसवली आणि 1991 साली त्यांना नोबेल मिळालं. उंदराच्या मेंदूचा तीनशे मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश जाडीचा काप घ्यायचा. क्षारांच्या द्रावात तो ठेवायचा, त्यात सतत ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. काप काही तास तग धरतो, मग मरतो. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक एखाद-दोन मायक्रॉनचं झालं पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली ते टोक एका पेशीला अलगद टेकवायचं, आणि नळीला जोडलेल्या बारीक रबरी नळीतून तोंडाने हलकेच हवा ओढायची. जरा जास्त ओढली की पेशी फुटली. कमी ओढली तर पकड बसत नाही. बसली, की समोरच्या पडद्यावर त्या एका पेशीचे विजेचे ठोके उमटायला लागतात.

हे सकाळी नऊला सुरू केलं तर रात्री नऊलाही चालू असू शकतं, आणि हाती एकही धड पेशी लागलेली नसते. दुसऱ्या दिवशी नवा काप. तिसऱ्या दिवशी यंत्रात कुठूनसा आवाज येतो, तो शोधण्यात आठवडा जातो. म्हणून तुम्ही फोन केलात आणि तिने उचलला नाही, तर रुसू नका. काप मरायच्या आत तिला काम उरकायचं असतं.

उंदराचं नाव काढल्यावर काही घरांत ताट बाजूला सरकतं. ‘म्हणजे ही मारणार त्यांना?’ हो, या शाखेत बऱ्याच ठिकाणी तसं करावं लागतं. आपल्याकडेही आणि बाहेरही संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. प्राण्याला वेदना कमीत कमी व्हाव्यात याचे नियम असतात, आणि ते कागदापुरते नसतात. पण मुलीला स्वतःला ते झेपणार का, हे तिने आधीच, कुणी पाहत नसताना, स्वतःला विचारावं. झेपणार नसेल तर दार बंद नाही. मेंदूचा अभ्यास फळमाशीवर होतो, झेब्राफिश या छोट्या माशावर होतो, माणसाच्या एमआरआय प्रतिमांवर होतो आणि नुसत्या गणितावर, संगणकावरही होतो. पाषाणच्या आयसरमध्येच कुणी झेब्रा फिंच पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास करतं, कुणी उंदराला वास कसा ओळखता येतो याचा, तर कुणी चेतापेशींची संगणकीय प्रतिरूपं बांधतं. म्हणून अकरावीतल्या मुलांच्या पालकांना माझं सांगणं असतं, नीटच्या नादात गणित सोडू नका. आजच्या मेंदूविज्ञानात गणित येणाऱ्याला जेवढा भाव आहे तेवढा दुसऱ्या कुणालाच नसेल. आणि नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून उत्तेजनार्थ बक्षिसासारखं न्यूरोसायन्स घेणार असाल, तर नका घेऊ. पाच वर्षं फुटलेल्या पेशी मोजायला उत्तेजनार्थाचा उत्साह पुरत नाही.

आता पैसा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया वगैरे, न्यूरोसायन्सच्या पीएचडीला प्रवेश मिळाला की साधारणपणे फी माफ असते, आरोग्यविमा असतो आणि वर्षाला साधारण तीस ते पंचेचाळीस हजार डॉलर विद्यावेतन मिळतं. त्याबदल्यात ती संशोधन करते, कधी पदवीच्या मुलांना शिकवते. म्हणजे हे शिक्षण कमी आणि कमी पगाराची नोकरी जास्त. राहायला ते पुरतं का? काटकसरीने पुरतं, महागड्या गावात पुरत नाही. 2022 च्या हिवाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातले 48 हजार संशोधक विद्यार्थी, पोस्ट-डॉक आणि सहायक संपावर गेले होते. मोठं कारण घरभाड्याचं होतं. आपल्या मुलीला तिथे चैन करता येणार नाही. पण तुम्हाला घर गहाण टाकावं लागणार नाही.

मास्टर्सचं गणित उलटं. तिथे फी तुमची, राहणं तुमचं, दोन वर्षांत तीस-चाळीस लाखांच्या पुढे सहज जातं. वाड्याच्या पुनर्विकासात नुकता मिळालेला फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून न्यूरोसायन्सच्या मास्टर्सला मुलाला पाठवलेले पालक मी पाहिलेत. कॉम्प्युटरवाल्या मुलाचं कर्ज तीन वर्षांत फिटतं म्हणून यालाही फिटेल, असा त्यांचा हिशेब होता. नाही फिटत. मेंदूविज्ञानातल्या नुसत्या मास्टर्सला तिथे तशी नोकरी नाही, आणि पीएचडी घेतली तर विद्यावेतनातून हप्ता जात नाही. प्रवेश मिळवून देणाऱ्या काही सल्लागारांना परदेशी विद्यापीठांकडून दलाली मिळते, आणि ती बहुधा फी भरणाऱ्या मास्टर्सवर मिळते. पीएचडीवर त्यांना काही सुटत नाही. ते पीएचडीचं नाव का काढत नाहीत, हे यावरून समजून घ्या.

मग पीएचडीलाच अर्ज करावा, हे ठरलं. इथे आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. अमेरिकेत संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी तिथली राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, जे अनुदान देते त्यातला मोठा भाग फक्त नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना मिळतो. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची जादा फी पंधरा हजार डॉलरच्या घरात असते आणि ती विभागाला किंवा मार्गदर्शकाला सोसावी लागते. त्यामुळे सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांसाठी जागा थोड्याच असतात. नकार आला म्हणजे मुलगी कमी पडली असं समजू नका. आणि घरात तसं कुणी बोललं, तर तिच्यासमोर त्याला थांबवा.

त्यातून 2025 साल वाईट गेलं. एनआयएचच्या अनुदानांबद्दल अनिश्चितता आली आणि कित्येक विद्यापीठांनी त्या वर्षी पीएचडीच्या जागा कमी केल्या. काहींनी तर दिलेले प्रवेशही मागे घेतले. मेच्या अखेरीपासून काही आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबलं होतं. तेव्हा एकाच देशाच्या दारात उभं राहू नये.

जर्मनीचा विचार करा, इरावतीबाईंनी केला तसा. तिथली सरकारी विद्यापीठं मास्टर्सलाही बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्हणजे ट्युबिंगेनला जायचं तर ते धरा. वर्षभराच्या राहण्याखर्चाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. हा आकडा अधूनमधून वाढतो. गॉटिंगेनला माक्स प्लांक संस्थेच्या जोडीने चालणारा न्यूरोसायन्सचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. तरीही मुलीने फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन जर्मनची एखादी पातळी करावी. प्रयोगशाळेत इंग्रजी चालेल, पण घरमालकिणीशी आणि बेकरीत चालेलच असं नाही.

आणि भारत. हे मी शेवटी सांगतोय म्हणून शेवटचा पर्याय समजू नका. मुंबईचं टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस, तिथलीच आयआयएससी आणि निमहान्स, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, आणि घराशेजारी आयसर पुणे. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार, पहिल्या दोन वर्षांनंतर 42 हजार, घरभाडे भत्ता वेगळा. टीआयएफआरच्या शुभा टोळे मुंबईत सेंट झेवियर्सला शिकल्या, पीएचडीला कॅलटेकला गेल्या, परत आल्या, आणि मेंदूचा बाहेरचा थर गर्भात कसा घडतो यावर मुंबईत बसून त्यांनी जे काम केलं त्यासाठी त्यांना भटनागर आणि इन्फोसिस पुरस्कार मिळाले. आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. ‘इथे काय आहे?’ हा प्रश्न त्यामुळे मला आता ऐकवत नाही.

कुठलाही देश निवडा, त्याआधी एक वर्ष इथे काढा असं मी आग्रहाने सांगतो. पदवीनंतर किंवा एम.एस्सी.नंतर पुण्यातल्याच एखाद्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करावं. कॉलेजात असताना विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची, ती घ्यावी. आपल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, आयसरमध्ये, एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रात सरळ ईमेल लिहावा. दहा जणांना लिहिलं तर एखाद-दोघं उत्तर देतात, हे सगळीकडेच असं. त्या वर्षाचे फायदे बरेच आहेत, त्यातला पहिला म्हणजे कंटाळा येतो का ते कळतं. दुसरा, अर्जासाठी लागणारी तीन शिफारसपत्रं. ‘ही मुलगी मनमिळाऊ आणि हुशार आहे’ अशा छापील पत्राला तिकडे कुणी विचारत नाही. ‘तिने सहा महिने फसलेला प्रयोग स्वतः शोधून दुरुस्त केला’ असं ज्याला लिहिता येईल, त्याचं पत्र हवं. ते लिहायला त्याने तिला काम करताना पाहिलेलं असावं लागतं. वर्ष वाया जातंय असं आत्याबाईंना वाटेल. वाटू द्या.

मोठ्या विद्यापीठाबद्दल एक-दोन गोष्टी. तिथे न्यूरोसायन्सचा अभ्यासक्रम एका विभागात नसतो. वैद्यकीय महाविद्यालय, मानसशास्त्र, अभियांत्रिकी, असे कित्येक विभाग आणि त्यातल्या पन्नास-शंभर प्रयोगशाळा मिळून तो चालतो. अमेरिकेत पहिल्या वर्षी मुलं दोन-तीन प्रयोगशाळांत आठ-दहा आठवडे राहून बघतात आणि मग मार्गदर्शक ठरवतात. हे फार चांगलं. एकाशी नाही पटलं तर दुसरा आहे. पण तिथे कुणी तुमच्या मुलीला हाताला धरून नेत नाही. रमणबाग किंवा हुजूरपागेत बाईंना पोर दोन दिवस दिसलं नाही तर त्या चौकशी करत. तिथे ती महिनाभर गप्प राहिली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. मदत मागायला शिकवून पाठवा. मार्गदर्शक निवडताना त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मुलांना विचारायला सांगा: इथून किती जण पीएचडी पुरी करून बाहेर पडले, किती वर्षांत, आणि सोडून गेलेले का गेले? आजारी पडलं तर साहेब काय म्हणतात? ही माहिती कुठल्याही रँकिंगमध्ये छापलेली नसते, पण कॉफी पिताना मुलं सांगतात.

दुसऱ्या वर्षाच्या सुमाराला मोठी तोंडी-लेखी परीक्षा होते. ती झाली की घरच्यांना वाटतं आता सुटली. खरा कठीण काळ त्यानंतरचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्ग संपलेले असतात, प्रयोग लागत नसतात, बरोबरचे मित्र कंपनीत लागून घरं घेत असतात, आणि ही अजून विद्यार्थिनीच असते. याच काळात आपण दर रविवारी फोनवर विचारतो, ‘कधी संपणार गं?’ तो प्रश्न सोडून द्या, एवढी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. न्यूरोसायन्सची पीएचडी तिकडे साडेपाच-सहा वर्षं चालते, हे आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याबद्दल पुन्हा बोलू नका. त्याऐवजी या आठवड्यात काय दिसलं ते विचारा. कळलं नाही तर परत विचारा. ज्या मुलीला आपलं काम आईला साध्या मराठीत सांगता येतं तिला ते स्वतःलाही नीट कळलेलं असतं. आणि तिच्या बोलण्यात झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं दोन-तीन आठवडे सतत येत राहिलं, तर ‘रामरक्षा म्हण’ एवढ्यावर थांबू नका. विद्यापीठात समुपदेशक असतात, तिथे जायला सांगा. मेंदूचा अभ्यास करणाऱ्याचा मेंदूही आजारी पडतो.

राहिलं लग्न. बावीस-तेविसाव्या वर्षी गेली तर परत फिरेपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस होतात. मध्येच लग्न झालं आणि जोडीदार तिच्या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेला, तर त्याला नोकरी करता येत नाही. हे स्थळ पाहणाऱ्यांना आधीच सांगा, लपवू नका. बाकी कुणाशी आणि कधी, हे तिच्यावर सोडा. दिनकर कर्व्यांसारखी माणसं आजही असतात, पण ती पत्रिकेत सापडत नाहीत.

अमेरिकेचे अर्ज साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला जातात. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात. बहुतेक अमेरिकन विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, विद्यावेतनासह आलेला प्रवेश घ्यायचा की नाही हे कळवायला 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. त्या तारखेआधी तिला कुणी घाई करू नये. ना विद्यापीठाने, ना नातेवाइकांनी, ना तुम्ही. पत्र तिच्या नावाने आलेलं असेल. तिला ते वाचू द्या, दोन-तीन मार्गदर्शकांशी बोलू द्या, आणि उत्तर तिचं तिलाच लिहू द्या.